कॅप्टन ओबिन्नाच्या वडिलांची गाणी

मी सिग्नलचा हवालदार, गाव कुरुंदा. आफ्रिकेत शांतिसेनेच्या एका चौकीवर माझी रेडिओ ड्यूटी होती. आमच्या बटालियनसोबत नायजेरियाचा एक निरीक्षक अधिकारी राहायचा, कॅप्टन ओबिन्ना. इग्बो समाजातला.

त्याचे वडील हायलाइफ गायचे. गिटार आणि ट्रम्पेटवरचं त्यांच्याकडचं संगीत. लग्नात, मयतीत लोक त्यांची गाणी अजून म्हणतात, पण कुणाची ते कुणालाच माहीत नाही. रेकॉर्ड एकच निघाली, तीही विसरली गेली. ओबिन्ना सुट्टीत गावोगावचे म्हातारे गाठून ती गाणी फोनवर भरून घ्यायचा. अकरा जमली होती. ती सगळी त्यानं माझ्याही फोनवर टाकून दिली.

"वडील गेले तेव्हा पेपरात दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत," एवढंच एकदा म्हणाला.

चहाच्या वेळी गाणं लागायचं. आमचा ड्रायव्हर नाईक दत्तराव आखाडा बाळापूरचा. तो म्हणायचा, "शब्द कळून न्हाई राहिले, पण बराबर आत जातंय."

त्या दिवशी ०९०० ला गस्त निघाली. पुढच्या गाडीत ओबिन्ना, स्टिअरिंगवर दत्तराव. १०४० ला सेट वाजला.

"कंट्रोल, कॉन्टॅक्ट. उजवीकडून फायर. ओव्हर." आवाज ओबिन्नाचा होता.

"रॉजर. कॅज्युअल्टी? ओव्हर."

उत्तर नाही. मी तीनदा विचारलं. मग दत्तराव बोलला, मराठीत.

"भाऊ, सायबाला लागलं. मानेला. रक्त थांबून न्हाई राहिलं."

"दाबून धर. मदत निघाली. त्यांच्याशी बोलत राहा."

"कोणाशी बोलू? गेले ते."

१०५२. लॉगमध्ये ही वेळ मला दोनदा लिहावी लागली. पहिली वाचता येत नव्हती.

निरोपाच्या परेडला ओबिन्नाची शवपेटी मधोमध ठेवली होती. मुख्यालयातून तिघे इग्बो जवान आले. बिगुल झाल्यावर आमच्या कमांडिंग ऑफिसरच्या परवानगीनं मी फोनवरचं एक गाणं लावलं. तिघे सावधानमध्ये होते. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलू लागले.

परेड सुटली तसा त्यांचा सार्जंट माझ्याकडे आला. "हे आमच्याकडे मयतीला म्हणतात. आजीच्या तोंडून ऐकलंय. तुझ्याकडे कसं?"

"कॅप्टनसाहेबांच्या वडिलांचं आहे," मी म्हणालो.

तो पेटीकडे बघत राहिला. मग त्यानं वडिलांचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं ते दोनदा पुटपुटून पाहिलं.

तिघे पुन्हा पेटीपाशी गेले. सार्जंटनं मोठ्यानं बापाचं नाव घेतलं, मग लेकाचं. मग त्यांनी गाणं पहिल्यापासून म्हटलं. दत्तराव आणि मी सॅल्यूटमध्ये उभे होतो. गाणं संपेपर्यंत दोघांचाही हात खाली आला नाही.