इजिप्तमधून ओल्या पोत्याची चौकशी

पिरॅमिडच्या आत काही नसतं, हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझे गुडघे वाचले असते. कंबरेत वाकून, पुढच्या बाईच्या टाचांकडे बघत बघत, त्या अरुंद बोळातून वर चढायचं. हवा नाही, घाम मात्र भरपूर. पोचलो तर काय, एक खोली आणि तिच्यात एक रिकामी दगडी पेटी, तीही कोपरा तुटलेली. मी गाइडला विचारलं, राजा कुठं आहे? तो म्हणाला, राजा केव्हाच गेला, सामानही गेलं, चोरांनी काही ठेवलं नाही. मग आम्हाला कशाला चढवलं बाबा एवढं? तो नुसता हसला. आमच्या बसमधले सगळे त्या पेटीसोबत फोटो काढत होते, म्हणून मीही काढला.

त्या फोटोत मी खूप खूश दिसते. तेव्हा खरंच होते.

मी नागपूरची, विणकराची मुलगी. लग्न केलं नाही. एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत आयुष्य गेलं आणि निवृत्त झाले. गांधीबागच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे, तिथं धाकटा भाऊ, भावजय आणि मी राहतो. घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचा माग होता. खड्ड्याचा माग म्हणजे जमिनीत कंबरभर खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायाखाली दाबायच्या लाकडी पावड्या आणि समोर ताणलेलं सूत. वडील गेले तेव्हा त्या मागावर एक लुगडं नुकतंच सुरू झालेलं होतं, हातभरही झालं नव्हतं. पुढचं मी विणत होते. वडील पौर्णिमेला गेले, म्हणून दर पौर्णिमेला दोन-तीन बोटं विणायची, जास्त नाही. आठ वर्षांत अर्धं झालं होतं. लोक म्हणायचे, एका महिन्याचं काम आहे, संपवून का टाकत नाही? अहो, संपवायचंच नव्हतं मला. ते संपलं की मागावर बसायला कारण काय उरणार होतं?

नागपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच असेल. मार्च लागला की सूत कोरडं पडतं आणि हात लावला की तुटतं. म्हणून आमच्या घरी पहिल्यापासून एक रीत. संध्याकाळी पोतं भिजवायचं, पिळायचं आणि खड्ड्यात अंथरायचं. रात्रभर खालून गारवा लागतो, सूत नरम राहतं. माझ्या लहानपणी वडील बाकी काही विसरले तरी हे विचारल्याशिवाय जेवायला बसत नसत. पुढं ते पोतं माझ्याकडे आलं. एक दिवस चुकवला नाही मी. तापात असले तरी उठून भिजवायची.

भावाला त्या खोलीचं काय करायचं होतं, हे मला माहीत होतं. तो ज्या कापडाच्या दुकानात कामाला होता ते बंद पडलं होतं. पुढच्या खोलीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकू, असं त्यानं एकदा काढलं होतं. मी एवढंच म्हटलं होतं की मी जिवंत आहे तोवर मागाला हात लावायचा नाही. तो बरं म्हणाला. परत कधी विषय काढला नाही. मला वाटलं, शहाणा आहे पोरगा, समजला.

त्यानंतर काही दिवसांनी तोच म्हणाला, ताई, तुझ्या सहावीच्या पुस्तकात पिरॅमिडचं चित्र होतं, ते तू फाडून भिंतीला लावलं होतं आणि मार खाल्ला होता, आठवतं का? मला तर गहिवरून आलं. इतक्या वर्षांपूर्वीचं, तेव्हा हा केवढासा, आणि याला आठवतं! मग म्हणाला, जाऊन ये ना एकदा. पैसा माझाच होता, पण धावपळ सगळी त्यानं केली. पासपोर्टच्या रांगेत माझी पाण्याची बाटली धरून उभा राहिला. धरमपेठेत नेऊन चालायचे बूट घेऊन दिले, स्वतः खाली बसून नाड्या बांधल्या. मी म्हणाले, उन्हाळा लागून राहिला, पोत्याचं कसं? तर म्हणाला, "मी आहो न वं ताई. तू बिनधास्त जाय."

विमानतळावर त्याच्या पाठीवर हात फिरवून मी गेले.

इजिप्त मजेचा देश आहे. आमच्या बरोबरचे मुंबई-पुण्याचे लोक उन्हानं हाय हाय करत होते आणि मी मनात म्हणत होते, याला ऊन म्हणतात होय? मे महिन्यात नागपूरला या, मग बोलू. तरी सवयीनं पर्समध्ये कांदा ठेवला होताच, उन्हाचा ताप लागू नये म्हणून. संग्रहालयाच्या दारातल्या शिपायानं पर्स उघडून तो कांदा वर धरला आणि दुसऱ्याला दाखवला. दोघं बराच वेळ त्यावर बोलले. शेवटी मान देऊन परत केला. उंटवाल्याचं काय सांगू! बसवताना गोड बोलला आणि उतरवायची वेळ आली तेव्हा मला वर ठेवून शांतपणे सिगरेट ओढत बसला. मी अस्सल नागपुरीत त्याचा उद्धार केला. त्याला भाषा कळली नाही, पण मुद्दा कळला. उंट खाली बसला. त्यांचा एक पदार्थ आहे, भात, मसूर, मॅकरोनी आणि चणे सगळं एकावर एक. भावजयीनं बांधून दिलेला सावजी मसाला मी त्यावर टाकला, तर शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले वासानं.

रोज दुपारी, म्हणजे नागपूरला संध्याकाळ झाली की मी भावाला फोन लावायची. पिरॅमिड कसे, हवा कशी, हे नंतर. आधी विचारायची, "पोतं भिजवलं का?" आणि तो म्हणायचा, "भिजवलं वं ताई." बसमध्ये सगळ्यांना वाटलं घरी माझं कुत्रं असावं. मी समजावून सांगितलं, माग म्हणजे काय, पोतं कशाला. लोकांना कौतुक वाटलं. मी अभिमानानं म्हणायची, भाऊ होय माझा, त्यानंच पाठवलं मला, त्याच्याच भरवशावर आले.

हॉटेलच्या खोलीत माझ्याबरोबर नागपूरच्याच, धरमपेठेतल्या एक निवृत्त बाई होत्या. तोंडाच्या फटकळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे तुमचे, हौस तुमची, मग पाठवायची घाई भावाला काहून होती?" माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, तुमच्या घरी असतील तसले भाऊ, आमच्या घरी नाहीत. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जेवायलाही दुसऱ्या टेबलावर बसले.

पाचव्या दिवशी कैरोच्या संग्रहालयात नेलं. सोन्याकडे झुंबड होती. मी धक्के खात बाजूला सरकले तर एका काचेच्या पेटीत लाकडाच्या वीतभर बाहुल्या दिसल्या. बायका होत्या. काही उभ्या सूत कातत होत्या आणि काही जमिनीवर ताणलेल्या मागाच्या दोन बाजूंना उकिडव्या बसून विणत होत्या. चार हजार वर्षांपूर्वीच्या, असं गाइड म्हणाला. कोण्या मोठ्या माणसाच्या थडग्यात ठेवल्या होत्या, मेल्यावर त्याला कापड कमी पडू नये म्हणून. गाइड त्या बायका चटई विणतात असं काहीतरी सांगायला लागला. मी म्हटलं, थांब बाबा. आणि सगळ्या ग्रुपसमोर सांगितलं, हा ताणा, म्हणजे उभं सूत, हा बाणा, म्हणजे आडवं, ही बाई धागा या टोकातून देईल, ती त्या टोकाला घेईल, दोघींचा हात एका चालीत नसला तर कापड तिरकं जाईल. लहानपणी जुन्या ताण्याला नवा ताणा जोडताना मी आणि वडील असेच समोरासमोर बसायचो, एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या धरमपेठेच्या बाईंनीही वाजवल्या.

इतकी खुशीत होते मी की बाहेर येऊन पायऱ्यांवरूनच फोन लावला. भावाला म्हटलं, अरे, आपल्यासारखा माग इथं काचेत ठेवला आहे, लोक तिकीट काढून बघतात. तू आत्ता कुठं आहेस? तो म्हणाला, पुढच्या खोलीतच आहे. आणि त्याचा आवाज मला घुमून ऐकू आला.

ती खोली घुमत नाही हो. कधीच घुमली नाही. ताणलेलं सूत, कापड, खड्डा, छताला टांगलेल्या दोऱ्या. त्या खोलीत ओरडलं तरी आवाज मऊच येतो. साठ वर्षं मी त्या खोलीतले आवाज ऐकले आहेत.

मी विचारलं, "तुझा आवाज काहून घुमून राहिला?"

"रेंज नसन बराबर," तो म्हणाला. "पोतं भिजवलं वं, काळजी नको करू."

त्या दिवशी मी विचारलंसुद्धा नव्हतं पोत्याचं. बसमध्ये येऊन बसले. धरमपेठेच्या बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाण्याची बाटली उघडून हातात दिली. पुढचे तीन दिवस मी मंदिरं बघितली, खांब बघितले, नाईल नदी बघितली. विचाराल तर त्यातलं काही सांगता येणार नाही. स्वतःला समजावत होते की फोनचं काय, घुमतो कधी कधी. भावावर असा संशय घेतला म्हणून मला स्वतःचीच लाज वाटत होती.

नागपूरला विमानतळावर भाऊ घ्यायला आला होता. घरी पोचलो तर पुढच्या दाराच्या जागी शटर. आत पांढऱ्या टाइल्स आणि कोपऱ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं झेरॉक्सचं मशीन. मी जिथं उभी होते त्याच्याच खाली खड्डा होता. बूट घातलेलेच होते अजून, त्यानं नाड्या बांधलेले.

भावजय आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, ताई, आधी बसा. मी बसले नाही. भावाला विचारलं, माग कधी काढला?

"तू गेली त्याच दिवशी. विमान उडाल्याचं पाहून आलो मी."

"मंग आठ दिवस पोतं कुठं भिजवत होता?"

भावजयच म्हणाली की तुम्हाला परदेशात वाईट वाटू नये म्हणून. माग जपून ठेवलाय म्हणाली, कामठी रोडवर एक नवं हॉटेल झालं आहे, तिथं जुन्या काळाचा देखावा करतात, दारातच मांडलाय, वर दिवे सोडलेत, छान दिसतो. मग तिनं कपाटातून एक पिशवी आणून माझ्या हातात दिली. लुगडं होतं. मध्येच कात्रीनं कापलेलं, सुताची टोकं लोंबत असलेलं. वडिलांचा वीतभर घट्ट विणीचा भाग आणि पुढं माझा जरा सैल. हॉटेलवाल्यांनी त्यांच्याकडचं रंगीत कापड लावलं म्हणे, ते जास्त उठून दिसतं.

माग नेला, याचं दुःख मी कधीतरी गिळलं असतं. त्याला धंदा हवा होता, मलाही दिसत होतं. तोंडावर भांडला असता, मी रडले असते, शिव्या दिल्या असत्या, आणि कोण जाणे, एखाद्या दिवशी हो पण म्हटलं असतं. पण तो म्हणाला, "तुझ्यासमोर माझ्यानं झालं नसतं ताई. म्हणून."

"म्हणून मले पाठवलं?"

तो वाकून मशीनवरचं प्लास्टिक नीट करायला लागला.

"पासपोर्ट काढला तेव्हापासूनच ठरलं होतं?"

त्यानं मान हलवली. हो.

म्हणजे रांगेत धरलेली ती पाण्याची बाटली, ते बूट, ते सहावीच्या पुस्तकातलं चित्र. साठ वर्षांत मला काय हवं होतं हे एका माणसाच्या लक्षात राहिलं, आणि त्यानं ते मला घराबाहेर काढायला वापरलं. माझ्याच पैशानं, माझ्याच हौसेनं. केसानं गळा कापला माझ्या भावानं, आणि मी चार हजार वर्षांच्या बाहुल्यांसमोर उभी राहून त्याचं कौतुक सांगत होते.

आता सात महिने झाले. दुकान बरं चालतं. आम्ही एकाच स्वयंपाकघरात जेवतो, बोलतो, भाजी काय करायची ते ठरवतो. त्या हॉटेलात मी गेलेली नाही. लुगड्याची पिशवी माझ्या पलंगाखाली आहे. भाऊ माझ्याशी फार चांगला वागतो. औषधं आणून देतो, संत्री सोलून देतो. प्रत्येक वेळी मला वाटतं, आता कशासाठी?

परवा जेवताना तो सहज म्हणाला, "ताई, काशी करून ये न वं एकदा. तिकीट मी काढतो."

मी हातातला घास ताटात ठेवला आणि त्याला विचारलं, "आता घरात काढून टाकायले काय उरलं हाय गा?"

तो गोंधळला, भावजयीकडे बघायला लागला. मीही घरभर बघितलं. फ्रीज त्यांचा, सोफा त्यांचा, टीव्ही त्यांचा. जुन्यातलं काही दिसेना. मग लक्षात आलं, एक मीच आहे.