आवाजाचं बटण

मावशींच्या गिटारीचा आवाज मी बंद केला आणि तेव्हा मला त्याची लाज वाटली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलमधलं आमचं प्रार्थनामंदिर म्हणजे ग्रिलच्या कारखान्यावरची लांबट खोली. तिथे मी पेटी वाजवायची आणि मावशी इलेक्ट्रिक गिटार. माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. सगळी मंडळीच त्यांना मावशी म्हणायची. मूळच्या उरणकडच्या. यजमान गोदीत फिटर होते. त्यांनी कुठल्याशा खलाशाकडून ती जुनी, लाल, भरीव लाकडाची परदेशी गिटार आणली होती. आमच्या भागात भक्तिगीतं पेटी-ढोलकीवरच व्हायची. नऊवारी नेसून विजेच्या गिटारीवर देवाचं गाणं वाजवणाऱ्या पहिल्या त्याच. उपासनेला कधी न येणारे लोकसुद्धा जिन्यात थांबून ऐकायचे.

मला सूर त्यांनीच शिकवला, गिटारीच्या तारा लावायलाही. जीभ मात्र कोयत्यासारखी. "तुजा सा कुटं चरायला गेला गो?" असं भर उपासनेत विचारायच्या आणि माणसं हसायची. मी शाळेत शिकवणारी, चारचौघांत मान असलेली. मी एकेक हसू लक्षात ठेवलं.

मग मावशींचे कान गेले. गिटार बेसूर लागायला लागली आणि त्यांना पत्ताच नाही. पाळकांनी मला बाजूला घेतलं. "त्या तुमचं ऐकतील. जरा गोडीत सांगा."

गोडीत सांगायची मला इच्छा नव्हती. गिटारीचा आवाज ज्या डब्यातून यायचा, तो माझ्या पेटीशेजारीच असायचा. ईस्टरच्या रविवारी मी हात लांब केला आणि आवाजाचं बटण शून्यावर आणलं. भरीव लाकडाची गिटार डब्याशिवाय डास गुणगुणावा एवढीच वाजते. ढोलकीत तेही बुडालं.

कुणी हरकत घेतली नाही. पुढच्या रविवारी मावशींचं वाजवणं संपल्यावर एकानं जोरात टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. हळूहळू सगळेच टाळ्या वाजवायला लागले. "हात अजून चालतोय बग," मावशी हरखून म्हणायच्या. मजा यायची, खोटं कशाला बोलू?

पावसाळ्यात त्यांचे यजमान वारले. मयताच्या उपासनेत त्यांच्या आवडीचं गाणं मावशींना एकटीनं वाजवायचं होतं. मी म्हटलं, मी हलकीशी साथ करते. त्यांनी डोळे मिटून चारही कडवी वाजवली. लोकांनी ऐकली ती माझी पेटी. उरणहून आलेल्या एका पाहुण्यानं नंतर माझं कौतुकही केलं.

नाताळच्या आधी पुतण्यानं मावशींना मुंबईला नेऊन कानाचं मशीन बसवलं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, पदराखाली ते दिसलंही नाही. त्या आल्या तेव्हा पहिलं गाणं सुरू झालं होतं. घाईघाईनं गिटार गळ्यात अडकवून त्या वाजवायला लागल्या. ढोलकीकडे बघून हसल्या, माझ्या पेटीकडे बघून हसल्या. मग हात थांबला. गाणं तसंच पुढे गेलं. संपल्यावर लोकांनी सवयीनं मावशींसाठी टाळ्या वाजवल्या.

त्या माझ्याजवळ आल्या, वाकून त्यांनी बटण बघितलं.

"कदीपासून?"

"ईस्टरपासून."

"म्हंजी त्यांच्या मयताला पण?"

मी मान हलवली.

"मंग तवा काय वाजलं?"

"माझी पेटी."

मावशींनी स्वतःच बटण फिरवलं आणि तारांवरून हात मारला. असा कर्कश आवाज निघाला की पोरं खिदळली. मावशींनी ऐकून घेतलं. मग तिथेच उभ्या राहून त्यांनी एकेक खुंटी पिळून तारा सुरात लावल्या. सगळी मंडळी बघत होती. पुन्हा हात मारला तेव्हा तीच जुनी गिटार वाजली. जिन्यात लोक थांबायचे ती.

त्यांनी ती गळ्यातून काढून माझ्या पेटीवर आडवी ठेवली.

"तारा लावाया तुला शिकवलं व्हतं ना मी?"

त्या जिना उतरून गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. शिकवलं होतं. दर रविवारी उपासनेआधी मला पाच मिनिटं लागली असती.