हवालदारांची घट्ट झाकणं

मलकापुरात एखाद्या घरी बरणीचं झाकण हट्टाला पेटलं, की अजूनही कुणीतरी म्हणतंच, "काय गं, हवालदारानं लावलंय का काय?" नव्या सुनांना त्यातलं काही कळत नाही. सासू हसते म्हणून त्याही हसतात. तेव्हा ही हकीकत एकदा नीट सांगून टाकलेली बरी. यातलं निम्मं गल्लीनं पाहिलेलं आहे आणि निम्मं शेजारणीनं, एकट्या सुलाबाईंनी. सुलाबाईंचं निम्मं जास्त भरवशाचं, कारण त्यांच्या खिडकीला पडदा नव्हता आणि हाताला दुसरं काम नव्हतं.

नाथाजी फौजेतून हवालदार होऊन परत आले. नोकरी सगळी स्टोअरात गेलेली. कांबळी द्यायची, बूट द्यायचे, मच्छरदाण्या परत घ्यायच्या. बंदूक हातात आली ती बहुतेक पुसण्यापुरती. मिशी मात्र थेट आघाडीवरून आल्यासारखी. सोबत एक काळी ट्रंक, एक होल्डॉल आणि निळ्या काठाचा पांढरा इनॅमलचा मग. चांगला तांब्याभर पाणी मावेल एवढा. हा मग ध्यानात ठेवा.

घरात पाऊल टाकलं आणि नाथाजींना कळून चुकलं, की इथं त्यांची जागा रिकामी नाही. म्हणजे खाट होती, ताट होतं, पण काम नव्हतं. ते फौजेत असताना बायकोनं, मनुबाईंनी, घरावर स्लॅब टाकून घेतला होता, नळ आणला होता, पोरीचं लग्न लावून दिलं होतं. नाथाजी प्रत्येक प्रसंगाला रजा काढून पाहुण्यासारखे आले, जेवले आणि गेले. आता बादली उचलायला गेले की आतून आवाज यायचा, "ठेवा वो ती. तुमी बसा, च्या देते." म्हशीला पेंड घालायला गेले तर म्हैस मागं सरायची आणि मनुबाई पुढं. "तिला वळख लागत न्हाई तुमची. तुमी बसा."

माणसानं बसून बसून किती बसायचं? नाथाजींना चहाही नको होता आणि पाटही नको होता. त्यांना एवढंच हवं होतं, की या घरात कधीतरी कुणीतरी हाक मारावी, "आवं, जरा इकडं या." बस्स. पण ही गोष्ट मागून मिळण्यातली नव्हती.

नव्व्याण्णव साल होतं. रोज सकाळी नाथाजी पायीच शेजारच्या कराडला चक्कर मारायचे. एका दुकानाच्या माडीवर नवी पाटी लागली होती, 'इंटरनेट येथे मिळेल.' नाथाजींनी सरळ जिना चढून विचारलं, "काय मिळतंय म्हणालात?" तिथं स्वप्ना नावाची मुलगी बसायची. कॉम्प्युटरचा कोर्स करून बापाच्या जिवावर तिनं ते सुरू केलेलं. सकाळचं गिऱ्हाईक म्हणून तिनं नाथाजींना खुर्ची दिली.

"काका, काय बघायचं सांगा. सगळं असतं यात."

नाथाजींनी मिशीवरून हात फिरवला. "घरच्या घरी करण्याजोगं काय हाय का बघ."

फोनच्या तारेतून मांजर चिरडल्यासारखा आवाज आला, आणि बऱ्याच वेळानं पडद्यावर एक गोरी बाई वरून खाली उतरू लागली. आधी केस, मग कपाळ. हनुवटी येईपर्यंत नाथाजींचा खालच्या टपरीवरचा चहा पिऊन झाला. ही बाई अमेरिकेतली. तिनं म्हणे बाजारात काही न घेता सगळं घरीच करायचं ठरवलं होतं. तोंडाला लावायचा लेप, मेणबत्त्या, वर्षभर टिकणारे मुरंबे. नाथाजींचं इंग्रजी बूट-कांबळ्यांपुरतं. बाकीचं स्वप्ना मराठीत सांगायची. छापलेले कागद काखेत मारून ते घरी निघाले, तेव्हा त्यांची चाल ड्यूटीवर रुजू व्हायला निघालेल्या माणसाची होती.

पहिला मान लेपाला मिळाला. पीठ एक कप, दही अर्धा कप, हळद दोन चमचे. नाथाजींनी आपला मग काढला. मनुबाई भाकरी थापता थापता बघत होत्या.

"आवं, कप म्हंजे च्याचा कप आसंल."

"तुला काय ठावं? अमेरिकेतली माणसं उंचीपुरी. त्यांचा कप एवढा आसनारच."

आणि कप एवढा म्हटल्यावर चमचा म्हणजे डाव, हे ओघानंच आलं. हळद होती मनुबाईंच्या माहेरची, शिराळ्याची. घरच्या रानातली, घरीच कुटलेली. बोट लागलं तर नख दोन दिवस पिवळं राहतं अशी. परातभर लेप तयार झाला. मनुबाईंनी तोंड द्यायला साफ नकार दिला, म्हणून नाथाजींनी स्वतःच्याच तोंडाला थापला, मिशी वाचवून, आणि कागदात सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून ओसरीवर आडवे झाले. चाळण परत करायला आलेल्या सुलाबाई उंबऱ्यातच किंचाळल्या. वाळलेलं तोंड बघून त्यांना भलतंच काही वाटलं. त्या "वैनी, आवं वैनी" करत आत पळाल्या, तर वैनी शांतपणे भाकरी उलटत होत्या.

"जित्ते हायत. इंटरनेट लावलंय."

तोंड धुतलं तरी हळद हलेना. पुढं कितीतरी दिवस नाथाजी कराडला निघाले की वाटेत कुणी ना कुणी विचारायचं, "काय हवालदार, मुहूर्त कवाचा? आमाला बोलीवलं न्हाई." नाथाजी ताठ मानेनं पुढं जायचे. त्यांना त्याचं काही नव्हतं. लागलं होतं ते वेगळंच. तोंड पुसायला टॉवेल देताना मनुबाई हसल्या नव्हत्या की रागावल्या नव्हत्या. फक्त म्हणाल्या होत्या, "आता बसा."

मग मेणबत्त्या. वीज जायची, तेव्हा ही गोष्ट घराच्या उपयोगाची, असा नाथाजींचा हिशेब. त्यांनी मेण आणलं ते हिरवं, आणि वितळवून ओतलं ते त्याच मगात, कारण साचा दुसरा नव्हता. त्यातून ज्या मेणबत्त्या निघाल्या त्यांच्यावर माणूस बसू शकला असता. वात मध्यभागी उभी राहायची, पेटायची, भोवतीचं मेण वितळलं की त्यात बुडून विझायची. वीज गेली, मनुबाईंनी एक लावून बघितली, ती विझली, आणि त्यांनी मुकाट्यानं कंदील पेटवला. कोपऱ्यात हिरव्या मेणाचे खांब रांगेनं उभे राहिले. सुलाबाई म्हणाल्या, "भावजी, मांडवाला लावा की." मेण शिल्लक होतं, आणि नाथाजींच्या डोक्यात मुरंब्याचा कागद शिल्लक होता.

नागपंचमी आली. मनुबाई दरवर्षीप्रमाणे माहेरी, शिराळ्याला गेल्या. जाताना भाकरी, म्हैस, पाणी, सगळं सुलाबाईंना सांगून गेल्या. नवऱ्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. घरात नाथाजी, हिरवं मेण आणि तो कागद. त्यात अमेरिकेतल्या बाईनं लिहिलं होतं, की बरणीच्या तोंडाशी मेण ओतून झाकण बसवलं की आत वारा शिरत नाही आणि माल वर्षभर टिकतो. आता मुरंबा करायची नाथाजींची हिंमत नव्हती. पण फडताळात मनुबाईंची वर्षाची बेगमी उभी होती. कांदा-लसणाची चटणी, लोणचं, मेतकूट, हळद, सगळं पत्र्याच्या झाकणांच्या काचेच्या बरण्यांत. श्रावणातली दमट हवा. आपण एवढं केलं तर बुरशीची चिंता मिटेल, आणि आल्यावर ती निदान 'बरं केलंत' म्हणेल तरी.

त्यांनी मेण वितळवलं. प्रत्येक बरणीच्या काठाला कडेनं ओतलं, झाकण बसवलं आणि बूट आवळावा तसं सगळा जोर लावून आवळलं. वर हिरवी कड दिसू लागली. फडताळ पलटणीसारखं दिसायला लागलं.

सण उरकून मनुबाई परत आल्या त्या संध्याकाळच्या गाडीनं. पोचवायला भाऊ अर्जुना आलेला. हा अर्जुना म्हणजे शिराळ्याच्या तालमीतला गडी. दारातून आत येताना खांदा तिरपा करावा लागायचा. मनुबाईंनी पदर खोचला, पिठलं टाकलं, भाकऱ्या केल्या. अर्जुना पानावर बसला आणि म्हणाला, "आक्का, तुझी चटनी वाढ की. ती खायाला तर आलोय."

मनुबाईंनी बरणी काढली. फिरवली. पुन्हा फिरवली. पदरानं धरून फिरवली. मग उंबऱ्यावर आपटून बघितली. नाथाजी ओसरीवर बसलेले होते, बसा म्हटल्याप्रमाणे. त्यांना प्रत्येक आवाज ऐकू येत होता.

"आन हिकडं," अर्जुना म्हणाला. त्यानं बरणी मांडीत धरली. दंड फुगले, मानेच्या शिरा वर आल्या, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. झाकण जागचं हललं नाही.

"आक्का, काय घातलंयस ह्यात? शिमिट?"

"मी कशाला घालतीय!" मनुबाईंनी दुसरी बरणी काढली. तीही तशीच. तिसरीही. तेव्हा त्यांना हिरवी कड दिसली.

नाथाजींना उपाय ठाऊक होता. मेण उष्णतेला हार मानतं, एवढं ते कुणालाही सांगू शकले असते. तरी ते उठले नाहीत. आज आपणहून आत गेलो तर काय ऐकायला मिळेल ते त्यांना पाठ होतं. ते समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. आत अर्जुनाची भाकरी निवत होती. मनुबाईंनी उलथन्याचं टोक झाकणाखाली घालून बघितलं, तेही वाकलं. पिठल्यावर साय धरली. आणि मग, बरीच वाट बघायला लावून, आतून आवाज आला. नेहमीपेक्षा थोडा खालच्या पट्टीतला.

"आवं... जरा इकडं या."

नाथाजी उठले. सदरा खाली ओढला, मिशीवरून हात फिरवला आणि आत गेले. बरणी हातात घेऊन म्हणाले, "पानी तापीव." मनुबाईंनी पाणी तापवलं. नाथाजींनी त्यात फडकं बुचकळून झाकणाभोवती गुंडाळलं, जरा वेळ धरलं, आणि तळव्याचा एक हिसका दिला. झाकण फिरलं. चटणीचा वास घरभर झाला.

"दाजी, जोर हाय की तुमच्यात!" अर्जुना म्हणाला.

मनुबाईंनी चटणी वाढली, बरणी खाली ठेवली. नाथाजी ओसरीकडं वळले तशा म्हणाल्या, "थांबा. ती लोनच्याची बी काढा."

इथं खरं तर हकीकत संपायला हवी, पण सुलाबाई असताना कुठली संपते?

मनुबाईंनी दुसऱ्याच दिवशी बरण्यांचं सगळं मेण खरवडून म्हशीच्या गोठ्यामागं टाकलं. कागद चुलीत गेले. नाथाजींनीही कराडची माडी सोडली; स्वप्नाला म्हणाले, "सध्या घरी काम लय आसतंय." मेण गेलं, पण त्या घरची झाकणं काही सैल झाली नाहीत. दर दोन-चार दिवसांनी ओसरीवर हाक यायची, "आवं, जरा इकडं या," आणि नाथाजी सदरा ओढून आत जायचे. सुलाबाईंनी आपल्या खिडकीतून पाहिलं, की मनुबाई दुपारी भजनाला गेल्या की हवालदार फडताळ उघडतात, एकेक बरणी छातीशी धरतात आणि डोळे बाहेर येईपर्यंत झाकण आवळतात. ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. मनुबाईंच्या कानावर गेली नसेल, असं म्हणायला जागा नाही.

पण खरी गोष्ट पुढची. एकदा सुलाबाई वाटी घेऊन चटणी मागायला गेल्या. नाथाजी रेशनच्या रांगेत उभे होते. मनुबाईंनी बरणी काढली, मनगटाला एकच पीळ दिला आणि झाकण उघडलं. फडकं नाही, पाणी नाही. वाटी भरून दिली. मग झाकण लावलं, बरणी पोटाशी धरली आणि दात आवळून ते आणखी घट्ट केलं.

सुलाबाई वाटी धरून बघत राहिल्या. "वैनी, तुमाला तर..."

"ऱ्हावू दे," मनुबाई म्हणाल्या. "कुनाला सांगू नगंस."

सुलाबाईंनी कबूल केलं. मलकापुरात हे सगळ्यांना ठाऊक आहे ते त्यामुळंच. एकट्या नाथाजींना तेवढं कुणी सांगितलं नाही.