पाचवा दोरा

नसीमचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. लातूरला माझी खानावळ आहे. कोचिंगला आलेल्या चाळीसेक पोरापोरींच्या पोळ्या अकराच्या आत व्हाव्या लागतात, म्हणून फोन कसाबसा कान आणि खांद्यात धरला. "सुमनदीदी, अब्बा गेले... सकाळी नमाजला बसले न् उठलेच न्हाईत," ती म्हणाली. मी तोंडातून शब्द काढायच्या आधी वर पाहिलं, छताकडे. भूकंपानंतर लागलेली ही खोड आहे. वाईट काहीही कानावर आलं की मी आधी छत बघते, मग भिंती, मग दार किती पावलांवर आहे ते. पन्नाशी जवळ आली तरी सुटत नाही. नसीमचे अब्बा, म्हणजे गफूरभाई, त्यावरून मला नेहमी चिडवायचे. "छत जागेवर हाय बेटा. पोळी बघ, करपून राहिली," असं म्हणायचे. त्या दिवशी पोळ्या खरंच करपल्या आणि बोलणारं कोणी नव्हतं.

गफूरभाई कंधारचे. वडिलांचं छत्री दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे घरात मोडक्या छत्र्यांच्या तारांचा ढीग. त्यातलीच एक लांब तार ते कायम सोबत बाळगायचे. ते कृषी सहायक होते आणि अहमदपूरकडची आमची सहा-सात गावं त्यांच्याकडे होती. तारेवर अर्ध्या-अर्ध्या वितीवर लाल दोरे बांधलेले, एकूण चार. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडल्या की ती तार भेगेत सोडायची आणि किती दोरे बुडाले ते बघायचं. जितके दोरे आत, तितकी ओल उडाली, असा त्यांचा हिशोब. गहू निघाल्यावर उरलेला पेंढा, म्हणजे काड, पेटवू नका, रानात अंथरून ठेवा, जमीन झाकलेली राहिली की ओल टिकते, गांडूळ राहतं, पुढच्या गव्हाला पाणी न् युरिया दोन्ही कमी लागतं, हे ते गावोगाव सांगत हिंडायचे. लोक त्यांना मान द्यायचे, जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत. मग साहेब एसटीत बसले की रानात जाऊन काड पेटवायचे. "काड ठेवलं की उधळी लागती, उंदीर होतेत," वाळवी-उंदरांचं हे माझ्या वडिलांचं, आबांचंही ठरलेलं उत्तर होतं.

मग त्र्याण्णवचा तो भूकंप झाला. आमच्या गावात माणूस दगावलं नाही, पण माळवदाची जाड घरं उभी चिरली आणि सगळं गाव रानात तट्ट्याच्या खोपटांत राहायला गेलं. माझं वय तेव्हा चौदा. दिवसभर कान जमिनीकडे लागलेले असायचे. ट्रक गेला तरी माय माझा हात धरायची. हिवाळा गेला, गहू निघाला, आणि दरवर्षी पडतात तशाच त्या वर्षीही रानाला भेगा पडायला लागल्या. आम्ही जन्मापासून त्या पाहत आलो होतो. पण त्या वर्षी त्या बघून मोठमोठी माणसं थिजली. "भुई उकलून राहिली," असं एकाने म्हटलं आणि ते गावभर झालं. कोणी भेगांत दगड भरले, कोणी घागरी ओतल्या, कोणी बैलं सोडून बांधावर बसून राहिलं. मी तर रानात चालताना एकेक पाऊल चाचपून टाकायची.

गफूरभाई आले, त्यांनी तार भेगेत सोडून दाखवली, ही काळ्या मातीची जातच अशी असते म्हणून समजावलं. कोण ऐकतो? शेवटी त्यांनी आबांना गळ घातली आणि आमच्या अर्ध्या एकरात गव्हाचं काड जाड अंथरून घेतलं. पंधरा-वीस दिवसांत बाकी रान चिरफाळलं आणि काडाखालची जमीन तेवढी मऊ, सपाट राहिली. माणसं बघायला येऊ लागली. एक म्हातारा त्या काडावर अनवाणी उभा राहिला आणि म्हणाला, "हितं भुई शांत हाय." झालं. काड टाकलं की भूकंप येत नाही, अशी वार्ता गावात पसरली. ज्या काडासाठी साहेबांनी तीन वर्षं घसा कोरडा केला होता, ते आठ दिवसांत रानोरान अंथरलं गेलं. गावात धुराची एक रेघ दिसेना. आबांनी त्यांना हळूच विचारलं, "साहेब, लोक म्हणून राहिले ते खरं का?" गफूरभाईंनी तारेवरचा दोरा उगाच घट्ट केला. "ओल तर राहती ना, आबा..." एवढंच म्हणाले. मी तिथेच होते. ते खरं काय ते बोलले नाहीत, हे मला त्या वयातही कळलं.

चार दिवसांनी मायने घराभोवती काड टाकलं. उंबऱ्यात, ओसरीवर, चिरलेल्या भिंतीच्या बुडाशी. आणि भूकंपानंतर पहिल्यांदा ती आत गेली, चूल पेटवली आणि मला हाक मारली. मी अंगणात उभी. ती भिंत मला दिसत होती, वरून खाली माझा पंजा जाईल एवढी चीर होती तिला. पाय उचलेना. तेवढ्यात गफूरभाई आले. त्यांनी उंबऱ्यातलं काड पाहिलं, आतला धूर पाहिला. तसेच चपलांसकट आत शिरले. "भाभी, बाहेर या. आधी बाहेर या. काडाचा न् भूकंपाचा काही संबंध न्हाई... मी बोललो न्हाई, चुकी माझी हाय." माय पिठाचे हात घेऊन बाहेर आली. भिंत पडली बिडली नाही. पण गफूरभाई अंगणात मटकन बसले. एवढा मोठा माणूस माझ्याइतका घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

त्या दिवशी ते घराघरांत गेले आणि तेच बोलले. काही जण चिडले, एकाने बाहेरची वाट दाखवली. संध्याकाळपर्यंत निम्म्या रानांतून धूर निघायला लागला. ते बांधावर उभे राहून बघत होते. आबा त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "आमचं राहू द्या, साहेब. टाकलंच हाय तर राहू द्या." पुढच्या हंगामात त्या अर्ध्या एकरातल्या गव्हाचं एक पाणी वाचलं आणि भावकीतली दोन घरं बघायला आली. मग पुढे बारा-तेरा वर्षं, एकेक घर करत, ते त्याच गावात तार घेऊन येत राहिले. भीतीने आठ दिवसांत झालेलं काम त्यांना समजावून करायला निम्मी नोकरी लागली. त्याची तक्रार मी कधी ऐकली नाही.

पुढे लातूरला कोचिंगचं पेव फुटलं. गावातली बाया-माणसं पोरांसाठी खोल्या करून इकडे आली, मीही लेकीसाठी आले आणि खानावळच घालून बसले. आबा गेल्यावर रान बटईने दिलं. बटईदार एकटा माणूस, त्याच्या हाताखाली कोणी नाही, तो काडाला काडी लावतो आणि मोकळा होतो. मला हे ठाऊक होतं. पण बोललं आणि त्याने रान सोडलं तर? पडीक रानाची मला भूकंपाइतकीच भीती वाटते. म्हणून मी गप्प राहिले.

मागच्या पावसाळ्यात गफूरभाई शेवटचे आले. काठी टेकत, नसीमबरोबर. पोळी हातात घेऊन वास घेतला, कुठला गहू म्हणून विचारलं. मग सहज म्हणाले, "आबांच्या रानातलं काड ठेवतो ना गं बटईदार?" मी तव्याकडे बघत म्हटलं, "ठेवतो की, भाई." "बरं..." म्हणाले आणि आणखी अर्धी पोळी मागितली.

मी त्यांच्या चाळिसाव्या दिवशी कंधारला गेले तेव्हा नसीमने कागदात गुंडाळलेली तार माझ्या हातात ठेवली. "अब्बांनी तुम्हालाच द्या म्हणून सांगितलं होतं." मी सवयीने दोरे मोजले. पाच निघाले. चार जुने, मळून काळपट झालेले, आणि पाचवा नवा, लालभडक, अगदी मुठीजवळ. "हा कधी बांधला?" मी विचारलं. "मागच्या उन्हाळ्यात," ती म्हणाली. "तुमच्या रानात जायचंच म्हणून हट्ट धरून बसले होते. रिक्षा करून नेलं. तिथून आले न् बांधला... चार पुरले न्हाईत म्हणत होते."

मागच्या उन्हाळ्यात. म्हणजे माझ्याकडे पोळी खायला आले त्याच्या आधी. जळलेलं काड, खोल भेगा, सगळं बघून आले, माझ्या तोंडून विचारून घेतलं, आणि माझं खोटं ऐकून अर्धी पोळी जास्त खाल्ली. गप्प बसण्याची त्यांची ती एक चूक त्यांनी त्याच दिवशी दारोदार जाऊन फेडली होती. माझी चूक मी त्यांच्यापाशी फेडावी, तर ते उरले नाहीत.

परवा मी बटईदाराला सांगितलं, यंदा काड पेटवायचं नाही. तो म्हणाला, "बघतो ताई, जमलं तर." तो सोडून जाईल की राहील, मला माहीत नाही. तार मी खानावळीत पोळपाटामागच्या खिळ्याला अडकवली आहे, छताच्या जरा खाली. आता दचकून वर पाहिलं की छताआधी तो पाचवा दोरा दिसतो, आणि मी जास्तच घाबरते.