बॉटल खाली!

दुसरी 'ब'च्या अडतीस मुलांनी सबंध वर्षात माझं म्हणणं एकदाच ऐकलं. तेवढंही ऐकलं नसतं तर फार बरं झालं असतं.

मी ग्वाल्हेरची. माहेर किला गेटचं, सासर नया बाजारातलं. म्हणजे लग्न करून मी गेले कुठे, तर टेम्पोनं पंधरा मिनिटांवर! घरात आमची मराठी, घराबाहेर हिंदी आणि दारात उभं राहून बोलताना दोन्हींची खिचडी. पिढ्यान्पिढ्या आम्ही ही खिचडी खातोय, पण तिच्यामुळे कुणाचं काही बिघडल्याचं ऐकिवात नव्हतं. तो मान माझ्यासाठी राखून ठेवला होता.

शहराच्या लश्कर भागातल्या एका लहानशा शाळेत मी दुसरीला शिकवत होते. नोकरी एका वर्षाच्या करारावर. वर्ष संपलं की मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे मुख्याध्यापिका ठरवणार. त्यांना सगळी शाळा 'बड़ी मॅडम' म्हणे. आवाज इतका हळू, की त्यांचं ऐकायला माणूस आपोआप पुढे झुकायचा. माझ्या वर्गात कुणी झुकत नव्हतं.

"गणित की किताब निकालो," मी म्हणायचे.

"मैडम, कौन सी?"

"गणित की."

"मैडम, निकालनी है?"

"हाँ बेटा, निकालनी है."

"मैडम, मेरा दाँत हिल रहा है."

मग अडतीस मुलं तो दात बघायला उठायची. (मीही बघायचे. दात खरंच हलत होता.) त्यात भर म्हणजे माझी स्वतःची मुलगी ईरा याच वर्गात. ती मधेच हात वर करून सांगायची, "आई, हा मला चिढवून राहिलाय!"

"ईरा, शाळेत मॅडम म्हणायचं."

"मैडम आई, हा मला चिढवून राहिलाय!"

एक दिवस बड़ी मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आपकी क्लास में सुनता कौन है?"

"मैं सुनती हूँ, मैडम," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते!

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं: फेब्रुवारीतल्या पालकसभेत दुसरी 'ब'ची मुलं सूचना ऐकून काम करून दाखवतील. शाळेचे अध्यक्षही येतील. "और आपका भी उसी दिन देख लेंगे," असं म्हणून त्या गेल्या. 'आपका' म्हणजे माझं काय, ते मला नीट कळलं.

त्या दिवसापासून मी गणित सोडलं, हिंदी सोडलं आणि एकच विषय घेतला. रोज सकाळी अडतीस गळ्यांतून घोष: "एक बार सुनो! तुरंत करो! सवाल बाद में!" हात वर, हात खाली. उभे राहा, वळा. पहिल्या आठवड्यात 'दाएँ मुड़ो' म्हटलं की वर्गात टकरा व्हायच्या. दुसऱ्या आठवड्यात माझा घसा बसला. घरी मी अविनाशवर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, सराव करायचे.

"हाथ ऊपर!"

"अगं, हातात चहा आहे."

"सवाल बाद में!"

त्यानं हात वर केला. चहा पेपरवर. सासूबाई कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "मुलांचं माहीत नाही, पण माझ्या मुलाला तू चांगलं वळण लावलंस!" बँकेत तीस वर्षं काउंटर सांभाळून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या मते सातआठ वर्षांच्या मुलांना गप्प बसवणं हे काही काम नव्हे. म्हणून तर मी त्यांना सभेला यायचा आग्रह केला. (कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.)

आणि तिसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. मी "खड़े हो जाओ" म्हणाले आणि सगळी उभी राहिली. एकदम! दात हलणारा मुलगासुद्धा! मला इतकं भरून आलं, की त्यांना बसायला सांगायचं विसरले. ती दहा मिनिटं तशीच उभी होती, एकानंही विचारलं नाही. धोक्याची घंटा होती ती. मला सनई वाटली.

सभेचा दिवस उजाडला. शाळेचं सभागृह पालकांनी भरलेलं. पुढच्या सोफ्यावर अध्यक्ष, शेजारी बड़ी मॅडम आणि त्यांच्या शेजारी, सोफ्यावर जागा आहे म्हणून कुणालाही न विचारता, नवी कोरी चंदेरी नेसलेल्या आमच्या सासूबाई. अविनाश मोबाइल घेऊन भिंतीला टेकलेला. मंचावर माझी अडतीस मुलं, पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली. कारण शेवटचा कार्यक्रम होता 'शाळा सुटताना दप्तर भरणे'. आपलं मूल मंचावर जाणार म्हणून आयांनी त्या दिवशी बाटल्या काठोकाठ भरून दिल्या होत्या.

"हाथ ऊपर!" माइकवरून मी म्हणाले. शहात्तर हात वर! "हाथ नीचे!" शहात्तर हात खाली! "दाएँ मुड़ो!" एकही टक्कर नाही! अध्यक्ष म्हणाले, "वाह!" सासूबाई मागे वळून कुणा अनोळखी बाईंना सांगताना मला दिसल्या, "मेरी बहू है."

तिथे मी थांबायला हवं होतं.

"बॉटल उठाओ!" अडतीस बाटल्या खांद्यापर्यंत. आणि तेवढ्यात माझ्या पोटच्या पोरीनं बाटलीचं झाकण उघडलं आणि आरामात पाणी प्यायला सुरुवात केली. भर मंचावर! पहिल्या रांगेत! माझ्यातली मॅडम गेली आणि आई जागी झाली. मी दात आवळून, पण हातात माइक आहे हे विसरून, तिच्यावर डाफरले:

"ईरा! बॉटल खाली!"

आता मराठीत खाली म्हणजे खाली. ठेव ती बाटली जमिनीवर, असं मला म्हणायचं होतं. पण उरलेली सदतीस मुलं हिंदी घरांतली. हिंदीत खाली म्हणजे रिकामी.

सदतीस झाकणं उघडल्याचा आवाज मी जन्मात विसरणार नाही. मग सदतीस बाटल्या उलट्या झाल्या. आणि काय ती शिस्त! हात सरळ, मान ताठ, कुणी कुणाकडे बघत नाही, स्वतःच्या अंगावर एक थेंब नाही. त्या मुलांनी वर्षभरात एवढं सुंदर काम कधीच केलं नव्हतं. मंचावर फक्त ईरानं बाटली जमिनीवर ठेवली आणि भोवतीच्या धबधब्यांकडे 'हे काय करून राहिलेत' अशा चेहऱ्यानं बघत राहिली.

"बस! बस!" मी किंचाळले. पुरे, थांबा, हिंदीत!

ईराला वाटलं, आई मराठीत सांगतेय. ती बसली. पाण्यात. फतकल मारून.

बाकीच्यांनी विचार केला असावा, मॅडमची मुलगी बसली म्हणजे बसायचंच असणार. सदतीस मुलं दप्तरांसकट पाण्यात बसली! जी लाट उठली ती मंचावरून उतरून थेट सोफ्यापाशी. अध्यक्षांनी दोन्ही पाय वर घेतले, पण उशीर झाला होता. सासूबाई ओरडल्या, "अगं बाई, माझी चंदेरी!" आणि मंचावरून एक नम्र आवाज आला:

"मैडम, सवाल अब पूछ सकते हैं?"

बड़ी मॅडमनी माझ्या हातून माइक घेतला. नेहमीसारख्याच शांतपणे म्हणाल्या, "सब बच्चे खड़े हो जाओ. लाइन बनाओ. सीधे बाहर."

मुलं उठली. रांग केली. आणि सीधे बाहेर गेली. आता सभागृहाच्या दारातून फाटकाकडे जायचं तर उजवीकडे वळावं लागतं. दारासमोर, अगदी नाकासमोर, बड़ी मॅडमची बाग होती. दिवाळीपासून स्वतःच्या हातांनी वाढवलेली डेलियाची फुलं, ताटलीएवढी! 'मुड़ो' कुणी म्हणालंच नव्हतं. अडतीस मुलं एका ओळीत, ना डावीकडे ना उजवीकडे, डेलियांमधून चालत गेली. पार मागच्या भिंतीपर्यंत. सगळ्यात पुढचा मुलगा भिंतीला नाक टेकवून उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "मैडम, दीवार आ गई!"

मी मंचावर गुडघे टेकून पोछा मारत होते. पोछा मारता मारता रडत होते. बड़ी मॅडम हातात एका डेलियाचं तुटलेलं डोकं घेऊन आत आल्या तेव्हा मला राहवलं नाही. "मैडम, मुझसे नहीं होगा. मैं ये नौकरी छोड़ देती हूँ," मी म्हणाले. ते फूल त्यांनी खिडकीत ठेवलं.

तासाभरानं त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. पालक गेले होते, ईराला कुणाचा तरी कोरडा गणवेश घातला होता. बड़ी मॅडमनी मला बसवलं, प्यायला पाणी दिलं (पाण्याकडे बघवेना) आणि हळू आवाजात बोलायला लागल्या. बराच वेळ बोलत होत्या. काय ते मला विचारू नका. माझी साडी पायाला चिकटली होती, कानात अजून झाकणं उघडत होती आणि समोरच्या खिडकीतून दोरीवर वाळत घातलेले अध्यक्षांचे मोजे दिसत होते. एक उजवीकडे हलायचा, एक डावीकडे. मी त्या मोज्यांकडेच बघत मान डोलावत होते. आणि अचानक एक शब्द कानात पडला.

"...क़ायम हैं?"

मी ताडकन सरळ झाले. "क़ायम?"

"हाँ. क़ायम?"

"जी मैडम! क़ायम!"

"एक बार सोच लीजिए."

"सोचना क्या, मैडम! घर में सब यही तो चाहते हैं!"

"पक्का?"

"एकदम पक्का!"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "ठीक है. आपकी मर्ज़ी." काय ही विनम्रता, मला वाटलं. माझी मर्जी विचारून कायम करतात!

ओल्या साडीत मी तडक बाड्यावरच्या बाजारात गेले, किलोभर पेढे घेतले आणि तशीच शाळेत परतले. आधी बड़ी मॅडम! त्या काहीतरी बोलायला लागल्या, "देखिए, मैं सोच रही थी..." पण मी कसली बोलू देते? अख्खा पेढा त्यांच्या तोंडात घातला, वाकून नमस्कार केला, स्टाफरूममध्ये वाटले आणि ईराला घेऊन घरी.

अविनाशला खरं वाटेना. "एवढं पाणी सांडूनही कायम?"

"माणसाची पारख असते एकेकाला!" मी म्हणाले.

सासूबाई ओली चंदेरी दोरीवर पसरत होत्या. त्या म्हणाल्या, "सूनबाई, नेमकं काय म्हणाल्या त्या? शब्द सांग."

"कायम."

"पुढचं-मागचं?"

"आई, तुम्ही ना, बँकेतून घरी आलातच नाहीत अजून! घ्या, पेढा घ्या!"

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर माझ्या खुर्चीवर एक नवीन मॅडम. शिपायानं माझ्या हातात पाकीट दिलं. आत एकच ओळ: आपका त्यागपत्र स्वीकार किया जाता है.

मी ऑफिसकडे पळाले. "मैडम, ये क्या? आपने तो मुझे कायम किया था!"

"मैंने?" बड़ी मॅडमनी चष्मा काढला. "मैंने तो पूछा था, नौकरी छोड़ने की बात पर आप क़ायम हैं? एक बार नहीं, बार-बार पूछा."

"मैडम, मराठी में कायम यानी परमानेंट!"

मग त्यांनी टेबलाचा खण उघडून एक टाइप केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. माझ्या नावाचा. परमनंटचा. अध्यक्षांना माझा वर्ग फार आवडला होता म्हणे. इतकी ऐकणारी मुलं त्यांनी कुठे पाहिली नव्हती. त्यांचे मोजे वाळायच्या आत कागदावर त्यांची सही झाली होती.

"तो मैडम, अब..."

"अब तो नई मैडम को रख लिया. आप इतनी खुश थीं! मुझे लगा, बेचारी हमसे छूटकर कितना सुख पा रही है." त्या उसासा टाकून म्हणाल्या, "जब आप लौटकर आईं, तब भी मैं यही काग़ज़ दिखाने वाली थी. पर बोलती कैसे? मुँह में पेड़ा था."

एक नाही, दोन होते. दुसरा मी आग्रह करून भरवला होता.