मंडळाच्या बायकांचा शुक्रवार

मी क्षमा करणाऱ्यांतली नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे "इतक्या वर्षांनी काय उगाळत बसलीस?" असं कुणी विचारायला नको. उगाळते आहे, आणि मजेत उगाळते आहे.

ग्वाल्हेरचं राज्य जाऊन मध्य भारत झाला होता, आणि आता तोही मोडून नवं मोठं राज्य झालं होतं. राजधानी भोपाळला गेली. तिच्यामागून फायली निघाल्या, कारकून निघाले, त्यांचे पलंग नि लोणच्याच्या बरण्या निघाल्या. माझे बाबा सचिवालयात होते, त्यांनाही जावं लागलं. आई आणि मी किला गेटजवळच्या घरात मागे राहिलो, कारण त्याच वर्षी उन्हाळ्यात कंपू भागातल्या दवाखान्यात आईच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं. कॅन्सर. आमच्या लोकांत हा शब्द कुणी उच्चारत नसे. "तो आजार" म्हणायचे आणि आवाज खाली आणायचे.

लष्कर भागातल्या मराठी बायकांचं एक मंडळ होतं. या आजाराच्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना मदत करायची, हे त्यांचं काम. खोटं कशाला बोलू, मदत करायच्या. आईला दवाखान्यात खाट त्यांनीच मिळवून दिली. पट्ट्यांचं कापड, औषधं, सगळं आणून द्यायच्या. म्हणून तर जास्त राग यायचा. उपकार करणाऱ्याला तोंडावर काही बोलताही येत नाही ना!

दर शुक्रवारी दुपारी चौघी टांग्यातून यायच्या. पुढे अध्यक्षीणबाई. त्यांचे सासरे दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. दरबार गेला, पण बाईंची मान काही खाली आली नव्हती. आमच्या ओसरीवर स्वतःची सतरंजी अंथरायच्या, तासभर बसायच्या, आईची विचारपूस करायच्या. निघताना आईला कुंकू लावायच्या, ते काडीनं. हो, काडीनं! बोट लागू नये म्हणून. हा रोग लागत नाही, असं डॉक्टरांनी त्यांच्याच समोर दोनदा सांगितलं होतं.

पहिल्या शुक्रवारी आईनं चहा केला. "अहो, आज उपास आहे आमचा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. चौघींचाही. पुढच्या शुक्रवारी आईनं साबुदाण्याची खिचडी केली. "शुक्रवारी आम्ही तिखटमीठ नाही खात हो." त्याच्या पुढच्या शुक्रवारी शिंगाड्याचा शिरा केला, वर बदामाचे काप लावले. "अगंबाई, आज तर निर्जळी आहे!" हद्द आहे की नाही? मी दाराआडून फणफणायची, आणि आई मला डोळ्यांनीच दटावायची. त्या गेल्या की थंड झालेला शिरा मीच संपवायची.

एकदा वेणी घालताना आई मला म्हणाली, "एखादी बाई माझ्या हातचं खाऊन गेली ना, की मला वाटेल मी अजून माणसांत आहे." एवढंच हवं होतं तिला. बरी होईन की नाही, हेसुद्धा ती कुणाला विचारत नव्हती.

मग भोपाळला निघालेल्या कुटुंबांसाठी मंडळानं देवळाच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम ठेवला. प्रत्येक घरून एक पदार्थ न्यायचा होता. आईनं चिरोटे केले. ऑपरेशनपासून तिचा उजवा हात सुजलेला असायचा, म्हणून डाव्या हातानं लाटले. दोन दिवस लागले तिला. डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, "कुणी केले ते सांगू नकोस हं. नुसतं बघून ये, कोण कोण खातं ते."

कार्यक्रमाचा दिवस कुठला? शुक्रवार! आणि मंडळाच्या चौघी पुरी-श्रीखंडावर आडवा हात मारत होत्या. त्यांचं लक्ष नसताना मी डबा उघडून त्यांच्यासमोरच ठेवला. अध्यक्षीणबाईंनी एक चिरोटा घेतला, मग दुसरा. चौथा संपवून बोटं पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काय सुरेख पदर सुटलेत! कुणाच्या हातचे गं हे?"

गप्प बसता आलं असतं. आईनं तेच तर सांगितलं होतं.

"माझ्या आईच्या हातचे, काकू," मी म्हणाले. "उजवा सुजलाय, म्हणून डाव्या हातानं केलेत. पण अगंबाई, आज शुक्रवार! तुमचा उपास मोडला की हो!"

एकीनं ताटली पाटाखाली सरकवली. दुसरी नळाकडे धावली आणि खळखळून चुळा भरू लागली. अध्यक्षीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. रागावल्या की त्या हिंदीत शिरायच्या. "बडी बदतमीज़ लड़की है!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. देवाशप्पथ सांगते, इतकं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. परत संधी मिळाली तर परत करीन, असंच मला वाटत होतं.

घरी येऊन आईला मी अर्धीच गोष्ट सांगितली. अध्यक्षीणबाईंनी चार खाल्ले, सगळ्यांसमोर वाखाणले. आईनं ते तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना ती चक्क लाजली.

पुढच्या शुक्रवारी ती पहाटे उठली. पुन्हा चिरोटे केले, पाठवणीतलं ठेवणीचं लुगडं नेसली आणि दुपारपासून ओसरीवर बसून राहिली. टांगा आला नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मंडळाचा चपराशी पट्ट्यांचं कापड दारात ठेवून गेला.

तो गेल्यावर आईनं विचारलं, "तू काही बोललीस का गं त्यांना?"

मग मी सगळं सांगितलं. अजून ताठ्यातच होते. "बोलले! खोटारड्या मेल्या! उपासबिपास काही नसायचा त्यांचा. तुला फसवत होत्या."

आईनं पट्ट्यांचं कापड उचललं, मांडीवर घेऊन त्याची घडी नीट केली.

"उपास नसतो, हे मला पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं," ती म्हणाली. "पण तासभर बसत तरी होत्या गं माझ्याजवळ."