आईने तपासलेले मिंक

ज्या देशातल्या जनावरांवर मी पीएचडी करते आहे, तो देश मी पाहिलेला नाही. हे मी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, विनोद म्हणून सांगते, सगळे हसतात, पण मला त्यात काडीचाही विनोद वाटत नाही. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का केव्हाच संपलाय. अमेरिकेत शिकत राहायला तेवढ्याने अडत नाही. पण एकदा बाहेर पडलं की परत यायला नवा शिक्का लागतो, आणि तो मिळेलच असं हल्ली कुणी छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून स्पेनमधले ओढे आणि तिथली जनावरं मी इथल्या पिस्कॅटवे नावाच्या गावात, एका वन-बेडरूममध्ये बसून सांभाळते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

तिकडे ओढ्याकाठी कॅमेरे बांधलेले असतात. समोरून काही हललं की आपोआप फोटो निघतो आणि ते हजारो फोटो माझ्याकडे येतात. स्पेनमधल्या रानटी सस्तन प्राण्यांची यादी मी टेबलासमोर चिकटवली आहे, प्रत्येकापुढे त्याची अवस्था लिहिलेली. कोण सुखरूप, कोण धोक्यात, कोण आज-उद्याचा पाहुणा. तिथला लिंक्स, म्हणजे कानांवर केसांचे झुबके असलेलं मोठं रानमांजर, पार संपत आलं होतं, त्याला माणसांनी वर्षानुवर्षं खपून मागे ओढलंय. माझा प्राणी मात्र धोक्याच्या शेवटच्या पायरीवर उभा आहे. युरोपियन मिंक. त्याच्याखालच्या पायरीचा अर्थ एवढाच, की रानात आता एकही उरला नाही.

मिंक म्हणजे साधारण मुंगसासारखं, गडद चॉकलेटी, पाण्याकाठी राहणारं जनावर. त्याचा अमेरिकन भाऊबंद फरच्या कोटांसाठी युरोपात नेऊन पिंजऱ्यांत पाळला, तो सुटला, ओढ्यांवर पसरला, आणि मूळच्याला हुसकावून बसला. आता अमेरिकन मिंक पकडून मारतात, तेव्हा कुठे युरोपियनला जागा मिळते. दोघांत वरवर पाहता फरक ओठांचा. युरोपियनचे दोन्ही ओठ पांढरे, अमेरिकनची बहुतेक वेळा फक्त हनुवटी पांढरी. जिथे दोघेही असू शकतात तिथे जिवंत पकडणारे पिंजरे लावतात, बघतात, युरोपियन असला तर सोडून देतात. जिथे युरोपियन नाहीच अशी खात्री असते तिथे आत शिरताक्षणी मारणारे सापळे लावतात. आणि ही खात्री फोटो बघून कोण देतं? मी. ज्या बाईने अख्ख्या आयुष्यात एकही जिवंत मिंक पाहिलेला नाही, ती.

गेल्या हिवाळ्यात आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली. तिला गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ, खिडकीतून दिसतो तो फक्त पार्किंग लॉट. दुसऱ्या आठवड्यातच तिने माझे मसाल्याचे डबे तीन वेळा लावले होते. मग एक दिवस माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "काय करून राहिली तू दिवसभर? मुंगसंच बघते?"

मी तिला ओठांचं समजावलं. ती चष्मा वर करून म्हणाली, "म्हणजे हा ताक पिऊन आला, आणि त्याची नुसती हनुवटी भरली." झालं, तेव्हापासून आमच्या घरात युरोपियन म्हणजे ताकवाला.

आई शाळेत सायन्स शिकवायची, आणि बोर्डाचे पेपर तपासण्यात तिची हयात गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत कूलरसमोर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन बसलेली आई मला अजून दिसते. तिला मी जुने, आधीच तपासलेले फोटो देऊन पाहिलं. माझ्याहून कमी चुका! मग मी नवे देऊ लागले. गाईडला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, हे मला त्याही वेळी कळत होतं, पण माझा थीसिस लटकला होता आणि घरात फुकटची, तल्लख नजर बसली होती. मोह झाला. फोल्डर तीन होते: युरोपियन, अमेरिकन आणि 'सांगता येत नाही'. आई सकाळी पूजा आटोपून बसायची, एकेक फोटो मोठा करून बघायची, आणि दुपारी मला हिशोब द्यायची. "आज चौऱ्याण्णव झाले. मेलं एक रानडुक्कर मध्येच आलं, त्याने ओळीने बावीस फोटो काढून घेतले." मीच हसत होते, मीच तिला चहा करून देत होते. मजेत चाललं होतं यार.

एका ओढ्याची यादी मी सोमवारी पाठवली. सगळे अमेरिकन, युरोपियन एकही नाही. शुक्रवारी तिकडे सापळे लागले, मारणारे.

शनिवारी सकाळी नऊला मी सहज फाइल उघडली. त्या ओढ्याचा 'सांगता येत नाही' फोल्डर रिकामा होता. ओल्या, अंधाऱ्या, अर्ध्या-मुर्ध्या फोटोंत असं कधी होतच नाही. मी तो रिकामा फोल्डर सोमवारी पाहिला होता आणि चक्क खूश झाले होते, की वा, काम संपलं!

"आई, हा फोल्डर रिकामा कसा?"

"सोडवले सगळे," आई स्वयंपाकघरातून अभिमानाने म्हणाली. "थोडे राहिले होते, ते पण संपवले."

"कसे सोडवले?"

"अगं, त्या ओढ्यावरचे बाकी सगळे हनुवटीवालेच होते ना. मग हे तरी वेगळे कशाला असतील? पोराचं अक्षर लागलं नाही तर आपण त्याची बाकीची उत्तरं पाहतो, आणि ठरवतो. प्रश्न न तपासता सोडला तर मॉडरेटर अख्खा गठ्ठा परत पाठवतो."

मी तिला 'सांगता येत नाही' म्हणजे काय ते सांगितलं होतं. तिने मान डोलावली होती. पण जन्मभर तपासनीस म्हणून काम केलेल्या बाईला ते उत्तर वाटलंच नव्हतं, ते उरलेलं काम वाटलं होतं. आणि उरलेलं काम आई कधी ठेवत नाही.

मी ते फोटो अमेरिकन फोल्डरमधून शोधून काढले. अकरा होते. दहांत नुसती पाठ, शेपूट, पाण्याचे शिंतोडे. अकराव्यात एक मिंक दगडावर चढताना मान वळवतो आहे, आणि त्याच्या वरच्या ओठावर काहीतरी पांढरं आहे. पाणी चमकत असेल. नसेलही. मी झूम केलं, उजेड वाढवला, कमी केला.

मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी आईवर ओरडले. "तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? जनावर मरेल तिथे! शेवटचे उरलेत ते!" आईने लाटणं बाजूला ठेवलं. तिने गॅस बंद केला. "मग फोन कर," ती म्हणाली. "चूक कळली की त्याच मिनिटाला मॉडरेटरला सांगायचं. माझं नाव सांग खुशाल."

फोन कर म्हणे! तिकडे ओढ्यावर सापळे लावणाऱ्या बाईला मी मेल केला, तर उत्तर आलं आपोआप: मंगळवारपर्यंत फील्डवर आहे, मेल बघणार नाही. तिचा मोबाइल नंबर फक्त माझ्या गाईडकडे होता. म्हणजे गाईडला फोन करायचा, आणि सांगायचं की प्रोजेक्टचा डेटा तीन महिने माझी आई तपासते आहे. त्याने मला लॅबमधून काढलं तर? लॅब गेली तर फंडिंग गेलं, फंडिंग गेलं तर ॲडमिशन, आणि ॲडमिशन गेली की सामान बांधा. सहा वर्षं पाण्यात. मी मेसेज लिहिला, पुसला. पुन्हा फोटो उघडला. पाणीच आहे, मी स्वतःला म्हणाले, पाणीच चमकतंय. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत येऊन आणखी एकदा झूम केलं. आई दारात येऊन दोनदा म्हणाली, "केलास का?" आणि मी दोनदा म्हणाले, "करते गं, थांब ना."

असा एक तास गेला. पूर्ण एक तास. दहा वाजून काही मिनिटांनी मी गाईडला फोन केला आणि सगळं सांगितलं, आईसकट. तो म्हणाला, यादीवर नाव तुझं आहे, तेव्हा बाकीचं आपण सोमवारी बोलू. आणि नंबर दिला.

ती बाई पहिल्याच रिंगला बोलली. तिकडे दुपारचे सव्वाचार झाले होते. तिने मला एक शब्दही सुनावला नाही, फक्त कॅमेऱ्याचा नंबर विचारला आणि म्हणाली, निघते, तासाभराचा रस्ता आहे, सगळे सापळे बंद करून कळवते.

आता घरात बसवेना. आईला भेंडी आणि कढीपत्ता हवा होता, म्हणून इंडियन ग्रोसरीत गेलो. खरं तर भेंडी कुणालाच नको होती. गाडीत आई एकदाच बोलली, "ते किती राहिले असतील गं सगळे मिळून?" मी म्हणाले, "थोडे." तिने पदर सारखा केला आणि बाहेर बघत बसली. तिच्यावर ओरडल्याबद्दल सॉरी म्हणावं असं फार वाटत होतं, पण तोंड उघडलं असतं तर मी रडले असते.

दुकानात शनिवारची गर्दी. आई भेंडीच्या खोक्यापाशी एकेक भेंडी मोडून बघत होती. मी बिलाच्या लाइनीत कार्ट धरून उभी, फोन मुठीत. माझ्या पुढच्या कुणाचं तरी दह्याचं बिल चुकलं होतं आणि सगळी लाइन थांबली होती. तेवढ्यात मेसेज आला.

सापळे बंद केलेत. एकात सापडला. अजून ताठरलेला नाही, अंग जवळजवळ गरम आहे. खाली फोटो होता, हातमोज्यातल्या तळव्यावर ठेवलेलं एक लहानसं तोंड, भर उजेडात काढलेला. मोठा करायची गरजच नव्हती. दोन्ही ओठ पांढरे.

जवळजवळ गरम. माझ्या डोक्यात एकच हिशोब सुरू झाला. नऊ वाजता फोन केला असता तर ती सव्वातीनला निघाली असती. अकराव्या फोटोची चूक आईची होती, पण हा तास आईचा नव्हता. तो मी घेतला होता, स्वतःची ॲडमिशन कवटाळून.

आई भेंडीची पिशवी घेऊन आली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आला फोन?"

"मेसेज आला."

"कोणता होता?"

सकाळी मी गाईडला खरं सांगितलं, त्या बाईला खरं सांगितलं, आणि तिथे, उदबत्त्यांच्या आणि पापडांच्या रॅकशेजारी, आईला म्हणाले, "अमेरिकन. हनुवटीवाला. आपण वाचलो."

तिने पिशवी कार्टमध्ये ठेवली. "बरं झालं," म्हणाली. लाइन पुढे सरकली, मी कार्ट ढकलली. फोन अजून माझ्या हातात होता, स्क्रीनवरचा फोटो तिच्यापासून वीतभर अंतरावर. तीन महिने प्रत्येक फोटो मोठा करून, चष्मा वर करून बघणाऱ्या माझ्या आईने तो फोटो दाखव असं म्हटलंच नाही.